सावली पाहून सहलीला

रायपूर शहराच्या उत्तरेस, खारून नदीपासून फार दूर नाही अशा ठिकाणी, उरला वसले आहे. मुळात ते एक खेडे. परंतु आज त्याचे नाव घेतले की डोळ्यांपुढे औद्योगिक वसाहतच उभी राहते. स्पंज लोखंडाच्या भट्ट्या, पोलाद वितळविणारे कारखाने, सळया लाटणाऱ्या रोलिंग मिल आणि त्यांच्या आसपास कामगारांची व कारागिरांची घरे असा हा परिसर आहे. रायपूर भागात मराठी बोलणारी कुटुंबे पुष्कळ पिढ्यांपासून राहत आली आहेत. अठराव्या शतकाच्या मध्यापासून १८५४ पर्यंत हा प्रदेश नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात मोडत होता, आणि १९५६ पर्यंत रायपूर ज्या प्रांतात होते त्याची राजधानीही नागपूरच होती. त्यामुळे येथील कित्येक मराठी मुलांचे आजोळ आजही नागपूर, वर्धा किंवा अमरावती येथे असते.

मे महिन्यात शाळा बंद झाल्या की ह्या घरांतून एकच प्रश्न उभा राहतो : मुलांना घेऊन कोठे जावे? त्याच्या पाठोपाठ दुसराही एक प्रश्न विचारला गेला पाहिजे, तो म्हणजे, केव्हा जावे? छत्तीसगडच्या मैदानात मे महिन्याच्या उत्तरार्धात पारा ४४-४५ अंश सेल्सियसवर जाणे हे काही नवल नव्हे. अशा प्रदेशात पहिल्या प्रश्नापेक्षा दुसराच अधिक महत्त्वाचा ठरतो. पुष्कळ पालक ऊन टाळावयाचे म्हणून मुलांना दीड-दोन महिने घरातच कोंडून ठेवतात, आणि मुले मोबाईलच्या पडद्यात डोके घालून बसतात. काही पालक उलटपक्षी रविवारी सकाळचे सर्व आटोपून अकराच्या सुमारास मोटारसायकलीवर मुलांना पुढे-मागे बसवून सहलीस निघतात. ह्यांपैकी पहिल्या मार्गात मुलाची सुट्टी वाया जाते, दुसऱ्यात त्याच्या जीवालाच धोका पोहोचू शकतो.

ह्या दोहोंच्या मधला मार्ग दाखविणारे एक साधन प्रत्येक मुलाजवळ असते व त्याला पैसा पडत नाही. ते म्हणजे त्याची स्वतःची सावली.

सावलीचे घड्याळ

सूर्य क्षितिजापासून बरोबर ४५ अंश वर आला म्हणजे सपाट जमिनीवर कोणत्याही उभ्या वस्तूची सावली तिच्या उंचीइतकीच पडते. सूर्य त्याहून वर चढला की सावली उंचीपेक्षा आखूड होते. सूर्यकिरण जितके उभे, तितका त्यांचा वातावरणातील प्रवास थोडा आणि तितकी त्यांची प्रखरता अधिक. त्वचा व डोळे यांना अपाय करणारे अतिनील किरणही ह्याच काळात सर्वाधिक प्रमाणात जमिनीपर्यंत पोहोचतात. म्हणून मुलांना एक सोपा नियम शिकवावा : आपली सावली आपल्यापेक्षा आखूड दिसू लागली की उन्हातून सावलीत यावे.

उरला सव्वाएकवीस उत्तर अक्षांशाच्या किंचित वर आहे. तेथे मेच्या अखेरीस सूर्य सकाळी सुमारे ५ वाजून २२ मिनिटांनी उगवतो व सायंकाळी ६ वाजून ४० मिनिटांच्या सुमारास मावळतो. सकाळी साडेसातपूर्वी सावली उंचीच्या दुपटीहून लांब असते. पावणेनऊच्या सुमारास सावली व उंची यांची बरोबरी होते. तेथपासून दुपारी सव्वातीनपर्यंत सावली आखूडच राहते. म्हणजे सहलीसाठी सकाळचे तीन-सव्वातीन तास मोकळे सापडतात आणि ते काही थोडे नव्हेत.

दुपारच्या बाबतीत मात्र सावलीवर सर्वस्वी विसंबून चालत नाही. सूर्य मध्यान्ही सर्वांत उंच असतो हे खरे. परंतु तापलेली जमीन हवेला ऊब देतच राहते, त्यामुळे हवेचे तापमान सर्वाधिक होते ते साधारणपणे तीनच्या सुमारास. साडेतीन वाजता सावली उंचीपेक्षा लांब झालेली असली, तरी हवा भट्टीसारखी असते. म्हणून सायंकाळी साडेपाचच्या आत मुलांना मैदानावर पाठवू नये हे बरे.

लहान मुलांच्या बाबतीत एवढी काळजी घ्यावयाची ती का? मुलाच्या वजनाच्या मानाने त्याच्या कातडीचे क्षेत्रफळ मोठ्या माणसापेक्षा अधिक असते. हवा कातडीहून अधिक तापलेली असली म्हणजे ह्या मोठ्या क्षेत्रफळातून उष्णता शरीरात झपाट्याने शिरते. शिवाय मुलांना घाम मोठ्या माणसांपेक्षा कमी येतो, आणि खेळाच्या नादात तहान लागल्याचे त्यांच्या ध्यानात येत नाही. डोके दुखणे, मळमळ, चिडचिड ही पहिली लक्षणे होत. मूल असंबद्ध बोलू लागले, ग्लानीत गेले किंवा अंग चटका बसण्याइतके तापले, तर तो उष्माघात समजावा. मुलाला ताबडतोब सावलीत घेऊन, कपडे सैल करून, अंगावर पाणी शिंपडीत वारा घालावा व त्याच वेळी दवाखान्याची वाट धरावी. शुद्ध हरपलेल्या मुलाच्या तोंडात पाणी मुळीच घालू नये.

एरवी पाणी भरपूर द्यावे. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ, हे चहाच्या चमच्याचे प्रमाण लक्षात ठेवण्यासारखे आहे. कैरीचे पन्हे आणि मीठ घातलेले ताक हीही उत्तम पेये होत. छत्तीसगडच्या घराघरांत उन्हाळ्यात खाल्ली जाणारी 'बासी', म्हणजे रात्री पाण्यात घालून ठेवलेला भात, सकाळी मीठ व कांद्याबरोबर खाल्ली की पाणी, मीठ आणि अन्न ही तिन्ही एकदमच पोटात जातात. शहरी मराठी कुटुंबांनी तिला नाक मुरडण्याचे कारण नाही. कांदा मात्र खाल्ल्यानेच काय तो उपयोग व्हावयाचा. खिशात बाळगल्याने ऊन बाधत नाही ही समजूत विदर्भात आणि येथेही प्रचलित असली, तरी तिला आधार नाही.

पहाटेची नदी

आता सहलीकडे वळू. पावणेपाचच्या अंधारात निघावे, म्हणजे सूर्य उगवताना खारूनच्या काठावर पोहोचता येते. उन्हाळ्यात नदीची धार बारीक झालेली असते व रेतीचे, दगडगोट्यांचे पट्टे उघडे पडतात. पाण्यात उतरण्याचा मोह मात्र मुलांना होऊ देऊ नये. रेती उपसलेल्या नदीपात्रात पाण्याखाली अवचित खड्डे असतात, आणि कारखान्यांच्या शेजारून वाहणारे पाणी डुंबण्याच्या योग्यतेचे समजू नये.

पूर्वेकडे तोंड करून मुलांना पहिला प्रश्न विचारावा : सूर्य कोठे उगवतो? पूर्वेस, असे उत्तर येईल. होकायंत्र जवळ असल्यास ते उघडून पाहावे. मेच्या अखेरीस येथे सूर्य पूर्वेपासून सुमारे २३ अंश उत्तरेकडे सरकून उगवतो. पाठ्यपुस्तकातील वाक्य खोटे नाही, पण ते वर्षातून दोनच दिवशी, मार्च व सप्टेंबर महिन्यांतील विषुवदिनी, अक्षरशः खरे ठरते. ज्यांच्या घरांना उत्तरेकडे खिडक्या आहेत त्यांना ह्या दिवसांत सकाळी तेथून ऊन आत आलेले दिसते. हिवाळ्यात त्याच खिडकीतून सूर्य कधीही दिसत नाही.

काठावरच्या रेताड जागेत टिटवीचा आवाज हमखास ऐकू येतो. हा पक्षी घरटे बांधीत नाही. जमिनीवरच्या उथळ खळग्यात चारेक खडे रचल्यासारखे करून तेथेच अंडी घालतो. अंड्यांवरचे ठिपके आजूबाजूच्या गोट्यांशी इतके जुळते असतात की चार पावलांवरूनही ती दिसत नाहीत. आता मौजेची गोष्ट अशी की, एवढ्या उन्हात तापलेल्या जमिनीवरची अंडी उबविण्यापेक्षा ती थंड कशी ठेवावीत हाच टिटवीपुढील खरा प्रश्न असतो. ती पाण्याकडे जाते, पोटाची पिसे भिजवून घेते आणि येऊन अंड्यांवर बसते. पिसांतील पाणी वाफ होऊन उडताना अंड्यांतील उष्णता घेऊन जाते. माठातले पाणी गार होते ते ह्याच न्यायाने. मुलांनी दूर थांबून, शक्य तर दुर्बिणीतून, हे पाहावे. पक्षी ओरडत डोक्यावर घिरट्या घालू लागला तर आपण त्याच्या अंड्यांच्या फार जवळ आलो आहोत असे समजून मागे फिरावे. आपल्यामुळे तो अर्धा तास दूर राहिला तर उन्हाने अंडी वाया जातील.

अशी सहल आठ वाजता संपवून, वाटेत फुललेला बहावा, ज्याला येथे अमलतास म्हणतात, पाहून सावली उंचीइतकी होण्याच्या आत घरी पोहोचता येते. बहावा फुलल्यानंतर दीड महिन्याने पाऊस येतो असे पुष्कळ लोक सांगतात. खरेखोटे ठरविण्यासाठी आपल्या गल्लीतील झाडाचा पहिला घोस कोणत्या तारखेस दिसला आणि पहिला चांगला पाऊस कोणत्या तारखेस पडला हे वहीत टिपून ठेवावे. एका वर्षाच्या नोंदीने काहीच सिद्ध होत नाही. पाच-सात वर्षांच्या नोंदीला मात्र थोडे मोल येते.

बिनसावलीची दुपार

आतापर्यंत आखूड सावलीपासून दूर राहण्यास सांगितले. परंतु वर्षातील एक दुपार अशी आहे की तिच्यासाठी पाच मिनिटे ह्या नियमाला अपवाद करावा. २७ मेच्या सुमारास उरला येथे मध्यान्ही सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली नाहीशी होते.

सूर्य रोज दुपारी डोक्यावर येतो अशी सामान्य समजूत असते. वस्तुस्थिती तशी नाही. पृथ्वीचा अक्ष कललेला असल्यामुळे सूर्य वर्षभरात कर्कवृत्तापासून मकरवृत्तापर्यंत, म्हणजे साडेतेवीस अंश उत्तरेपासून तितक्याच अंश दक्षिणेपर्यंत, जात-येत असल्यासारखा दिसतो. ह्या दोन वृत्तांच्या मधल्या प्रत्येक गावी तो वर्षातून दोनदाच नेमका डोक्यावर येतो, एकदा उत्तरेकडे जाताना व एकदा परतताना. कर्कवृत्त छत्तीसगडच्या अगदी उत्तर भागातून, सरगुजाच्या बाजूने, जाते. त्यामुळे उरला येथील मुलांना जे दृश्य दिसते ते दिल्लीतील मुलांना जन्मभर आपल्या गावी दिसू शकत नाही.

तयारी आदल्या दिवशी सायंकाळी करावी. एक मीटर लांबीची सरळ काठी किंवा नळाचा तुकडा घ्यावा व तो वाळूने भरलेल्या डब्यात किंवा बादलीत उभा रोवावा. तो खरोखर उभा आहे की नाही हे पाहण्यासाठी दोऱ्याला एक नट बांधून ओळंबा करावा. उरल्यातील मुलांना ह्या बाबतीत इतर गावच्या मुलांपेक्षा सोय अधिक. त्यांपैकी कित्येकांच्या घरी फिटरचे किंवा गवंड्याचे काम करणारे कोणी तरी असते, आणि खरा ओळंबा व पाणसळ ही मागितल्याबरोबर हाती येतात. जमीन सपाट असणे हेही तितकेच आवश्यक आहे. काठी तिरपी असेल तर सावली नाहीशी होणार नाही, आणि मुले विनाकारण सूर्याला दोष देतील.

सकाळी साडेअकरापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडूने खूण करावी. खूण करण्यापुरते बाहेर यावे व पुन्हा ओसरीत जावे. डोक्यावर टोपी किंवा पंचा असावा, पायांत चपला असाव्यात. सूर्याकडे मात्र एकदाही पाहू नये. सारे निरीक्षण जमिनीवर आहे. सावली पश्चिमेकडून काठीच्या बुंध्याकडे सरकत येते. शेवटच्या मिनिटांत तिचा वेग सहज जाणवतो : दर मिनिटास सुमारे चार मिलिमीटर. बाराला एखादे मिनिट उलटले की ती बुंध्यात शिरते, क्षणभर तेथेच थांबल्यासारखी वाटते आणि मग पूर्वेकडून बाहेर डोकावते. उभा धरलेला स्टीलचा पेला, पाण्याची बाटली, स्वतः मूल, सर्वांच्या सावल्या त्या वेळी पायांखाली गोळा झालेल्या असतात.

घड्याळात बारा वाजतात आणि जवळजवळ त्याच क्षणी सूर्य माथ्यावर येतो, हाही उरल्याचा एक योगायोगच म्हणावयाचा. भारताची प्रमाणवेळ ८२.५ पूर्व रेखांशाची आहे. ही रेषा छत्तीसगडमधूनच जाते व उरला तिच्या थोडेसेच पश्चिमेस आहे. मुंबईत हाच प्रयोग करावयाचा झाल्यास १५-१६ मे रोजी दुपारी १२ वाजून ३५ मिनिटांपर्यंत थांबावे लागते; पुण्यात १३-१४ मे रोजी १२ वाजून ३१ मिनिटांच्या सुमारास; नागपुरात २६ मे रोजी १२ वाजून १० मिनिटांच्या सुमारास. पणजीत ही दुपार मेच्या पहिल्या दोन-तीन दिवसांतच येऊन जाते, कोल्हापुरात ६-७ मे रोजी, नाशिकला २० मेच्या आसपास आणि अमरावतीला २५ मेच्या आसपास. म्हणजे सूर्य एखाद्या पाहुण्यासारखा महिनाभर दक्षिणेकडून उत्तरेकडे एकेक गाव घेत येतो. आजोळी गेलेल्या मुलाने अमरावतीस एकदा सावली हरवताना पाहिली आणि लगेच गाडीने परत आले, तर दोन दिवसांनी त्याला ती उरला येथे पुन्हा हरवलेली सापडेल.

ह्यापुढचा भाग थोड्या मोठ्या मुलांसाठी आहे. बस्तरमधील जगदलपूर उरल्याच्या जवळजवळ सरळ दक्षिणेस आहे. नकाशावर पट्टीने मोजल्यास दोहोंतील उत्तर-दक्षिण अंतर सुमारे २४८ किलोमीटर भरते. २७ मे रोजी उरल्यात सावली शून्य असते त्या वेळी जगदलपुरात एक मीटर काठीची सावली सुमारे ३.९ सेंटिमीटर पडते, आणि तीही दक्षिणेकडे. तेथे कोणी नातेवाईक किंवा मित्र असल्यास त्याने ती मोजून फोनवर कळवावी. कागदावर १०० सेंटिमीटर व ३.९ सेंटिमीटर ह्या बाजूंचा काटकोन त्रिकोण काढला, किंवा दहावीतील त्रिकोणमिती वापरली, की सव्वादोन अंशांच्या आसपासचा कोन मिळतो. सव्वादोन अंशांना २४८ किलोमीटर, तर पूर्ण वर्तुळाच्या ३६० अंशांना किती? उत्तर ४०,००० किलोमीटरच्या आसपास येते. हा पृथ्वीचा परीघ होय. इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात एराटोस्थेनीस ह्या विद्वानाने इजिप्तमध्ये आलेक्झांड्रिया व सायीन ह्या दोन ठिकाणांच्या सावल्यांवरून तो ह्याच रीतीने काढला होता. मोजणीत मिलिमीटरभर चूक झाली तर उत्तर हजार किलोमीटरने बदलते हेही मुलांनी स्वतः करून पाहावे; मोजमाप म्हणजे काय ते त्यावरून जितके कळते तितके व्याख्येवरून कळत नाही.

नौतपा आणि मग पाऊस

२५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात येतो, आणि तेथपासूनचे नऊ दिवस छत्तीसगडात 'नौतपा' व विदर्भात 'नवतपा' म्हणून ओळखले जातात. बिनसावलीची दुपार नेमकी ह्या नऊ दिवसांत पडते. सूर्य माथ्यावर, म्हणून ऊन सर्वाधिक, असे कोणासही वाटेल. परंतु हाच सूर्य १६ जुलैच्या सुमारास परतीच्या वाटेवर पुन्हा एकदा उरल्याच्या माथ्यावर येतो आणि त्या दिवशी मुले छत्री घेऊन शाळेत जात असतात! किरणांचा कोन तोच, मग उन्हाळा कोठे गेला? मधल्या काळात, साधारणतः जूनच्या मध्यास, मोसमी पाऊस रायपुरात पोहोचलेला असतो. ढग उन्हाचा पुष्कळ भाग वरच्या वर परतवितात, आणि जमिनीवर जे ऊन येते त्यातील बरेचसे ओली माती वाळविण्यातच खर्च होते. मेमध्ये आकाश निरभ्र असते आणि मातीत सुकविण्यासारखे पाणीच उरलेले नसते. सारे ऊन जमीन व हवा तापविण्याकडे लागते. नौतपाच्या उष्णतेत सूर्याचा वाटा आहे तितकाच ढगांच्या अनुपस्थितीचाही आहे.

घामाच्या दृष्टीने मात्र मे महिना तितका वाईट नाही, हे एका साध्या प्रयोगाने दाखविता येते. भिंतीवर लावावयाचे दोन तापमापक घ्यावेत. एकाच्या फुग्याला मलमलीची चिंधी गुंडाळून तिचे टोक पाण्याच्या वाटीत सोडावे. दोन्ही सावलीत टांगून पंख्याचा वारा द्यावा. मेच्या दुपारी हवा ४४ अंश असून तिची आर्द्रता १५ टक्के असेल, तर ओला तापमापक २३-२४ अंशच दाखवील. वीस अंशांचा हा फरक म्हणजे वाळ्याच्या ताट्या, माठ, टिटवीची पिसे आणि आपला घाम ह्या सर्वांचे भांडवल होय. पहिल्या सरी येऊन गेल्यावर पुन्हा पाहावे. हवा ३६ अंश व आर्द्रता ६० टक्के झाली की ओला तापमापक २९ अंशांवर जातो. तापमान कमी झाले तरी जीव अधिक घाबरतो व घरातील कूलर निरुपयोगी ठरतो, त्याचे कारण हेच. तेव्हा जूनमध्ये पारा उतरला म्हणून मुलांना दुपारी मैदानावर मोकाट सोडणे शहाणपणाचे नाही.

गच्चीवरची धूळ

उरल्यात राहणाऱ्यांना आणखी एका गोष्टीचा विचार करावा लागतो, आणि सहलीच्या लेखातून ती वगळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. येथे गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर काळसर धूळ बसते. मुलांनी तिचीच परीक्षा करावी. लोहचुंबक पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून गच्चीवर झाडून गोळा केलेल्या धुळीवरून फिरवावा. काळे कण उभे राहून त्याला चिकटतात. पिशवी उलटी करून चुंबक काढून घेतला की ते कागदावर पडतात. भिंगाखाली त्यांतील काही टोकदार, काही पापुद्र्यासारखे व क्वचित काही गोल दिसतात.

हे सारे कारखान्यांतूनच आले असा निकाल मात्र घाईने देऊ नये. साध्या मातीतही लोहखनिजाचे चुंबकाला लागणारे कण असतात. म्हणून सुट्टीत आजोळी किंवा सहलीस जाताना एक रिकामी डबी बरोबर न्यावी व तेथील गच्चीवरची तितकीच, चमचाभर, धूळ आणावी. दोन्हींतून निघालेले काळे कण शेजारी शेजारी ठेवले म्हणजे तुलना होते, आणि तुलना झाल्याशिवाय पुरावा होत नाही. गल्लीतील चार मुलांनी चार गच्च्यांवरची धूळ अशी तपासून त्याची वही केली, तर ती वसाहतीतील मोठ्या माणसांनीही वाचण्याजोगी होईल. धूळ चाळताना नाकातोंडावर ओला रुमाल बांधावा. ज्या सकाळी धूर खाली बसून सूर्याचे बिंब तांबूस व निस्तेज दिसेल त्या सकाळी धावण्याचे खेळ न खेळता नदीकडे किंवा गावाबाहेर निघून जावे.

मधले तास

नऊ ते पाच हे तास छपराखाली काढावयाचे. रायपुरात त्यासाठी महंत घासीदास स्मारक संग्रहालय आहे. राजनांदगावचे राजे महंत घासीदास यांनी १८७५ मध्ये त्याची स्थापना केली. सध्याच्या इमारतीचे उद्‌घाटन १९५३ मध्ये राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. सिरपूर येथे सापडलेल्या धातूच्या बौद्ध मूर्ती तेथे पाहावयास मिळतात. शहरातील विभागीय विज्ञान केंद्र हे दुसरे ठिकाण. तेथे वस्तूंना हात लावण्याची मुभा असल्यामुळे मुले तेथे अधिक रमतात. नवा रायपूर येथील पुरखौती मुक्तांगण व जंगल सफारी ही ठिकाणे उघड्यावरची आहेत. तेथे जावयाचे तर सकाळच्या पहिल्या वेळेस किंवा दिवस कलल्यावरच. उन्हात वाघही झाडाखाली पडून असतो, त्याला पाहावयास आलेल्याने त्याच्याहून अधिक धाडस दाखविण्याचे कारण नाही.

जुन्या लोकांना ही वेळेची वाटणी ठाऊक होती असे दिसते. अक्षय तृतीयेला, जिला येथे 'अक्ती' म्हणतात, छत्तीसगडमधील मुले पुतरा-पुतरी म्हणजे बाहुला-बाहुलीचे लग्न लावतात. अंगणात हिरव्या डहाळ्यांचा छोटा मांडव घातला जातो. त्या मांडवाखाली एक तापमापक ठेवून दुसरा पत्र्याच्या छपराखाली ठेवला, तर पानांची सावली आणि पत्र्याची सावली एकच नव्हे हे बाहुलीच्या वऱ्हाडालाही पटेल.

रात्री गच्चीवर निजावयाचा प्रघात अजून काही घरांतून आहे. नऊच्या सुमारास माथ्याजवळ तांबूस स्वाती, तिच्या दक्षिणेस पांढरी चित्रा, उत्तरेकडे सप्तर्षी आणि आग्नेयेस वर येणारा वृश्चिक ही धूर व दिव्यांतूनही ओळखू येतात. रोहिणी मात्र ह्या दिवसांत कोणी दाखवू शकत नाही. सूर्यच तिच्याजवळ असल्यामुळे ती दिवसा उगवून दिवसा मावळते.

काठी व खडूच्या खुणा ह्यांची जागा तेवढी मोडू नये. २१ जूनला दुपारी सावली दक्षिणेकडे पावणेचार सेंटिमीटर पडलेली दिसेल, अर्थात ढगांनी फट ठेवली तर. सप्टेंबरच्या विषुवदिनी ती उत्तरेकडे ३९ सेंटिमीटर असेल. आणि २२ डिसेंबरला बाराच्या सुमारास, एक मीटरच्या काठीची सावली जवळजवळ बरोबर एक मीटर भरेल. उरल्याच्या अक्षांशावर ती मध्यान्हीच काठीइतकी लांब होते. त्या दिवशी मुलांना उन्हात कितीही वेळ बसू द्यावे.